बंदुकीचे विक्रीसाठी फोटो काढताय? आधी उजेडाचं बघा

ऑनलाइन विकायला टाकलेल्या बंदुकांचे फोटो चाळत बसलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार दिसतो, गादीवर आडवी टाकलेली रायफल, नळीचं टोक फ्रेमच्या बाहेर, मधोमध फ्लॅशचा पांढरा डाग आणि खाली लिहिलेलं 'कंडिशन एकदम मस्त'. आता घेणाऱ्याने त्या 'मस्त'वर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? त्याला ती हातात घेता येत नाही, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड उघडणारा-मिटणारा दांडा, ओढून बघता येत नाही, नळीत डोकावता येत नाही, त्याच्याकडे आहेत ते फक्त तुम्ही टाकलेले फोटो. म्हणून माझं ठाम मत आहे की विक्रीचा फोटो देखणा असण्यापेक्षा खरा असायला हवा, चकाकी जेवढी स्वच्छ दिसते तेवढाच ओरखडापण स्वच्छ दिसला पाहिजे. आणि त्याला महागडा कॅमेरा लागत नाही, हातातला फोन पुरतो, लागतो तो नीट उजेड आणि सावकाश काम करायची तयारी.

सगळ्यात आधी बंदूक रिकामी

हे कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी करायचं, आणि ह्याच क्रमाने करायचं. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बाहेर काढायची, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) किंवा बोल्ट मागे ओढून उघडा ठेवायचा. उलटं केलंत, म्हणजे मॅगझिन आतच असताना बोल्ट ओढलात तर चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात बसलेली, गोळी बाहेर पडते खरी पण बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी गोळी आत घेऊन जातो आणि तुम्हाला वाटतं झाली रिकामी. बोल्ट उघडा झाला की चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपून बघा, मॅगझिनची जागापण बघा. रिव्हॉल्वर असेल तर सिलिंडर बाहेर काढून प्रत्येक भोक बघायचं, दुनळी असेल तर बिजागरीवर उघडून दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतोय ना ते बघायचं. जुन्या ट्यूब मॅगझिनच्या बंदुकांत एखादी गोळी नळकांड्यात अडकून राहते, तिथे तर जास्तच लक्ष द्या.

गोळ्या त्या खोलीतच ठेवायच्या नाहीत. दुसऱ्या खोलीत, कुलपात. फोटोत शोभेला म्हणून शेजारी दोनचार काडतुसं मांडायची हौस काही जणांना असते, ती अजिबात करू नका, त्याने फोटो चांगला होत नाही आणि जिथे बंदूक उघडून बंद करून पन्नास वेळा हाताळणार आहात तिथे जिवंत गोळी असण्याचं काही कारणच नाही. फोटो काढताना मधेच उठून गेलात, फोन आला, चहा प्यायला गेलात, परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर, आणि नळीचं तोंड कोणाकडेही नाही, तुमच्याकडेही नाही. नळीच्या तोंडाचा क्लोजअप घ्यायचा असतो तेव्हा तर कॅमेरा बरोबर त्या तोंडासमोर येतो, तेव्हा फोन स्टँडवर लावायचा, टायमर लावायचा आणि आपण बाजूला व्हायचं. बोल्ट पूर्ण काढता येत असेल तर काढूनच ठेवा. चेंबरमध्ये घालायचा रंगीत प्लास्टिकचा झेंडा मिळतो तो असेल तर घाला, फोटोत दिसला तरी बिघडत नाही, उलट जाणकार बघणाऱ्याला बरंच वाटतं की माणूस काळजी घेणारा आहे.

दुसरी गोष्ट, हे सगळं कायद्यात बसत असेल तरच. तुमच्याकडे परवाना असला तरी विकायची पद्धत काय, कोणामार्फत, घेणाऱ्याकडे काय कागद लागतात हे तुमच्या इथल्या नियमांप्रमाणे आधी बघून घ्या. आणि कुठे टाकताय तेपण बघा. ईबेने बंदुकांची विक्री १९९९ मध्येच बंद केली, फेसबुकने २०१६ पासून खाजगी लोकांची आपापसातली विक्री बंद केली, म्हणजे तिथे टाकलेली पोस्ट उडणार आणि खातंही जाऊ शकतं. जिथे अशी विक्री अधिकृतपणे चालते तिथेच टाका.

पुसा, पण घासू नका

हातमोजे घाला, सुती किंवा नायट्राइल. बोटांच्या घामाने पोलादावर डाग पडतात आणि काही दिवसांत तिथे गंज धरतो, शिवाय क्लोजअपमध्ये बोटाचा ठसा असा काही उठून दिसतो की मूळ वस्तू बाजूलाच राहते. मायक्रोफायबरच्या कापडाने सगळीकडून पुसून घ्या, कोपऱ्यांतला धूळ-कचरा मऊ ब्रशने काढा, स्क्रूच्या खाचांत, साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) बुडाशी, ट्रिगरच्या कड्यात धागे अडकलेले असतात ते चिमट्याने काढा. डोळ्यांना न दिसणारी धूळ फोटोत दिसतेच दिसते.

तेलाचं प्रमाण मात्र जपून. एकदम कोरडी पुसली तर जुनं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) फिकट आणि राखाडी दिसतं, आणि भरपूर तेल लावलं तर सगळीकडे चमक मारते, खड्डे आणि गंजाचे बारीक टिपके तेलाखाली लपतात. घेणाऱ्याला घरी गेल्यावर तेल पुसल्यावर ते दिसले की तो तुम्हालाच फसवणारा म्हणणार. तेलाचं बोट फिरवल्यासारखा पातळ हात द्या आणि कोरड्या कापडाने परत पुसा, एवढंच.

जुन्या बंदुका असतील तर पॉलिशचा डबा लांब ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. शंभर वर्षांच्या पोलादावर जो तपकिरी थर आलेला असतो, लाकडावर हाताळून हाताळून जी मऊ झाक आलेली असते, तीच संग्राहकाला हवी असते, ती घासून काढली की किंमतही गेली आणि ती परत आणताही येत नाही. फोटोसाठी म्हणून स्टीलवूल लावू नका, लाकडावर वार्निश मारू नका. लालसर, हाताला लागणारा गंज असेल तर तो वेगळा विषय, तो जाणकाराला दाखवा, पण फोटोसाठी रंगरंगोटी नको.

खाली काय अंथरायचं

साधं, एकरंगी, न चमकणारं. मध्यम राखाडी रंगाचं फेल्ट किंवा जाड सुती कापड सगळ्यात बरं, इस्त्री केलेलं. फुलाफुलांची चादर नको, गालिचा नको, केसाळ ब्लँकेट तर नकोच कारण त्याचे केस साइटला चिकटून बसतात. राखाडीच का म्हणतो त्याला कारण आहे. कॅमेरा समोरचं सगळं दृश्य मिळून मध्यम राखाडीइतकं उजळ धरून एक्स्पोजर (फोटोत उजेड किती घ्यायचा ते) ठरवतो. काळी बंदूक पांढऱ्या कापडावर ठेवली की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो फोटो गडद करतो आणि बंदूक नुसता काळा आकार होऊन बसते, त्यात ना खुणा दिसतात ना कडा. काळ्या कापडावर ठेवली की उलट, सगळं उजळतं आणि ब्लूइंग पांढुरकं, घासल्यासारखं दिसतं. राखाडीवर कॅमेऱ्याचा अंदाज बरोबर येतो. पांढरंच कापड असेल तर एक्स्पोजर हाताने वाढवा, साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, फोनवर स्क्रीन दाबून धरली की बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते वर सरकवायचं. स्टेनलेस किंवा निकेलची बंदूक असेल तर थोडं गडद कापड घेतलं तरी चालतं, कडा उठून दिसतात.

बंदूक कापडावर सपाट टेकवून ठेवली की कडेने काळी सावली चिकटते आणि आकार नीट कळत नाही. खाली दोनतीन ठिकाणी खोडरबरासारखे छोटे ठोकळे ठेवून दोनचार सेंटिमीटर उचलून धरा, वरून दिसणार नाहीत अशा जागी. सावली लांब पडते, मऊ होते, आणि बंदूक तरंगल्यासारखी सुटी दिसते. ठोकळ्याला लाकूड लागणार असेल तर मधे कापडाची घडी घाला, आणि बंदूक गडगडणार नाही ना ते हाताने हलवून बघा.

बाकी शोभेच्या वस्तू काही नको. चाकू, पट्टे, झेंडे, कवट्या, काहीही नको. बंदुकीबरोबर जे विकताय, म्हणजे जास्तीची मॅगझिन, स्कोप, मूळ खोका, माहितीपुस्तिका, तेवढ्याचा एक वेगळा फोटो घ्या, म्हणजे काय काय मिळणार ह्यावर नंतर वाद नको.

उजेड

सगळा खेळ इथेच आहे. पोलाद, मग ते ब्लू केलेलं असो की निकेलचं, हे आरशासारखं वागतं. त्यावर तुम्ही उजेड 'टाकत' नसता, त्यात समोर जे असेल ते 'दिसत' असतं. समोर बल्ब असेल तर बल्बचा ठिपका दिसणार, तुम्ही लाल शर्ट घातला असेल तर नळीवर लाल रेघ दिसणार. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं, कारण मग तुम्ही 'उजेड किती आहे' हे विचारायचं सोडून 'ह्या पोलादाला काय दिसतंय' हे विचारायला लागता.

म्हणून उजेड मोठा आणि मऊ हवा. ऊन थेट येत नाही अशी मोठी खिडकी, किंवा ढगाळ दिवशी बाहेरची सावली, ह्याच्यासारखं काही नाही. खिडकीत ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा किंवा ट्रेसिंग पेपर लावा, पडदाच मग तुमचा दिवा होतो. उजेडाचा मऊपणा त्याच्या आकारावर आणि अंतरावर ठरतो, म्हणजे तीच खिडकी जवळ असेल तर मऊ आणि लांब असेल तर कडक, तेव्हा टेबल खिडकीच्या जवळ ओढा. खिडकी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला पांढरं पुठ्ठं उभं करा, त्यावरून उजेड परतून सावलीतली बाजू भरून निघते. थर्माकोलची शीट असेल तर फारच उत्तम.

आता एक गंमतशीर वाटेल पण करून बघाच, पांढऱ्याबरोबर एक काळं पुठ्ठंपण जवळ ठेवा. चकचकीत निकेलच्या पिस्तुलाला सगळीकडून पांढरं दाखवलं तर ते सपाट, कागदी दिसतं. कडेला काळ्या पुठ्ठ्याची एक पट्टी उभी केली की तिचं प्रतिबिंब कडेकडेने गडद रेघ बनून येतं आणि आकार एकदम उठतो. पुठ्ठं बोटभर पुढेमागे सरकवत स्क्रीनवर बघत राहा, रेघ नळीवर कशी सरकते ते दिसेल, आणि जिथे बरोबर वाटेल तिथे थांबा.

फ्लॅश बंद. फोनवरचा फ्लॅश म्हणजे लेन्सच्या अगदी शेजारचा एक छोटा कडक ठिपका, तो पोलादात जसाच्या तसा दिसणार. रात्रीच काढायचे असतील तर दोन एलईडी दिवे घ्या, दोन्ही एकाच रंगाचे, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचे, आणि ते बंदुकीवर न रोखता भिंतीवर किंवा पुठ्ठ्यावर रोखा, परतून येणारा उजेड वापरा. खिडकीचा उजेड आणि घरातला पिवळा बल्ब एकत्र करू नका. दिवसाचा उजेड ५५०० केल्विनच्या आसपास असतो आणि पिवळा बल्ब २७०० ते ३०००, दोन्ही एकदम असले की बंदूक एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने पिवळी दिसते आणि नंतर ते काही केल्या सुधारत नाही.

रंगाचा मुद्दा इथे नुसता दिसण्याचा नाही, तो किमतीचा आहे. ब्लूइंग म्हणजे पोलादावरचा मॅग्नेटाइटचा पातळ थर, तो कुठे निळसर-काळा असतो, कुठे जांभळट झाक मारतो, कुठे घासून राखाडी झालेला असतो, आणि जाणकार माणूस त्यावरून ठरवतो की हे मूळचं आहे की नंतर परत केलेलं. निकेल जरा पिवळसर आणि क्रोम निळसर. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणं) ऑटोवर ठेवला की कॅमेरा प्रत्येक फोटोत वेगळा रंग देतो, लाकडाचा क्लोजअप घेतला की त्याला वाटतं सगळंच पिवळं आहे आणि तो निळं ओततो, मग एकाच दस्त्याचे दोन फोटो दोन बंदुकांचे वाटतात. राखाडी कार्ड किंवा साधा पांढरा कागद बंदुकीशेजारी ठेवून त्यावर व्हाइट बॅलन्स लावून घ्या आणि पूर्ण होईपर्यंत तोच ठेवा. फोनच्या प्रो मोडमध्ये हे असतं.

पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायच्या चमक कमी करणाऱ्या फिल्टरबद्दल बरेच जण विचारतात. वार्निश केलेल्या लाकडी दस्त्यावरची, प्लास्टिकवरची, स्कोपच्या काचेवरची चमक त्याने कमी होते, तिरक्या कोनातून घेतलं तर छानच कमी होते आणि लाकडाच्या रेषा आतून वर येतात. पण उघड्या पोलादावरची चमक नुसत्या लेन्सवरच्या फिल्टरने जात नाही, धातूवरून परतणारा उजेड तसा पोलराइझ होत नाही. दिव्यावरही पोलरायझर शीट लावली तर जाते, पण मग पोलाद मेल्यासारखं काळं दिसतं, कोरलेली अक्षरं वाचायला ते ठीक, अख्ख्या बंदुकीच्या फोटोला नाही.

पार्कराइझ केलेल्या, म्हणजे फॉस्फेटचा न चमकणारा थर दिलेल्या, खरबरीत फिनिशच्या लष्करी बंदुकांना मात्र उलट अडचण, त्या उजेड गिळतात. तिथे अर्धा-एक स्टॉप जास्त द्या आणि खिडकी थोडी बाजूने येऊ द्या.

फोन आणि कॅमेरा

लेन्स पुसा, आधी. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचं तेल असतंच आणि सगळा फोटो धुकट येतो.

मग लांब जा. फोनची मुख्य लेन्स २४ ते २८ मिलिमीटरच्या वाइड अँगलइतकी असते, तिने जवळून रायफल घेतली की मधला भाग फुगतो आणि दोन्ही टोकं ओढल्यासारखी दिसतात, पिस्तुलाचं पुढचं तोंड तोफेएवढं येतं. दोन पट झूमवाली लेन्स वापरा आणि अख्ख्या रायफलसाठी साधारण दोन मीटर मागे व्हा. नुसता डिजिटल झूम असेल तर तो नको, त्यापेक्षा तसाच लांबून काढून नंतर कापा. कॅमेरा असेल तर ५० ते १०० मिलिमीटरच्या दरम्यानची लेन्स.

टेबलावर आडव्या ठेवलेल्या रायफलच्या बरोबर वर दोन मीटर जायचं तर स्टुलावर चढावं लागतं आणि हात हलतो, म्हणून सोपं म्हणजे बंदूक जमिनीवर कापड अंथरून ठेवा, किंवा भिंतीला थोडी कललेली फळी लावून, तिला दोन गुंडाळलेल्या खुंट्या ठोकून त्यावर टेकवा. कॅमेरा फळीला अगदी समांतर ठेवा. तिरका धरला की एक टोक फोकसमध्ये आणि दुसरं धूसर, आणि नळीपण निमुळती दिसते. ग्रिड चालू करून नळी ग्रिडच्या रेषेला लावून घ्या.

स्टँड लागतोच, हाताने धरून चालणार नाही. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १०० किंवा २००, त्यामुळे शटर हळू होतो, पंधरावा भाग सेकंदाचा किंवा त्याहून हळू, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा, बटण दाबतानाचा हादरापण जातो. कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र एफ ८ ते एफ ११, त्याच्या पुढे एफ २२ वगैरे गेलात तर डिफ्रॅक्शनने (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) सगळंच जरा मऊ पडतं. फोनमध्ये पोर्ट्रेट मोड बंद, तो नळीच्या कडा खाऊन टाकतो. नाइट मोड आणि ब्युटी, सीन, असलं सगळं बंद, कारण ते सॉफ्टवेअर लाकडाच्या रेषा आणि पोलादाचा खरबरीतपणा स्वतःच्या मनाने गुळगुळीत करतं किंवा नसलेला टोकदारपणा घालतं. फोकस स्क्रीनवर बोट दाबून धरून लॉक करा.

कुठले कुठले फोटो

पहिला फोटो अख्ख्या बंदुकीचा, दोन्ही टोकं आत, फ्रेमची रुंदी जवळजवळ भरलेली. मग दुसरी बाजू, तशीच, त्याच अंतरावरून. मग वरून आणि खालून. हे चार झाले की निम्मं काम झालं, ह्यात घाई करू नका.

त्यानंतर जाणकार जिथे बघतो तिथे जायचं. लाकडी दस्ता असेल तर रिसीव्हरच्या (बोल्ट बसतो त्या धातूच्या सांगाड्याच्या) मागे, मनगटासारख्या बारीक भागावर आणि टँगच्या (त्या सांगाड्याच्या मागे निघालेल्या पट्टीच्या) मागच्या टोकाला, भेगा तिथूनच सुरू होतात, आणि वर्षानुवर्षं तेल मुरून लाकूड तिथे काळं झालेलं असतं. लाकूड आणि धातू जिथे भेटतात ती फट, कारण लाकूड घासून परत पॉलिश केलेलं असलं की ते धातूपेक्षा खाली गेलेलं असतं. स्क्रूंची डोकी, एकेक, मोठी करून, खाचा चिरडलेल्या असल्या की कळतं कोणीतरी चुकीच्या पेचकसाने उघडलेली आहे. नळीच्या तोंडाची कड, तिथला टवका नेमबाजीला भोवतो. बोल्टचं तोंड, फायरिंग पिनच्या भोकाभोवती खड्डे आहेत का. रिव्हॉल्वरला सिलिंडरवरची गोल रेघ, वरच्या पट्टीवर ज्वाळेने पडलेली खाच, नळीचं मागचं तोंड. पिस्तुलाची स्लाइड काढून आतल्या रुळांचा आणि नळीचा फोटो. दुनळी असेल तर नळ्या सोडवून उलट्या करा, खालच्या सपाट भागावर प्रूफच्या (नळीची दाबाची चाचणी झाल्याच्या) खुणा असतात त्या स्पष्ट वाचता आल्या पाहिजेत. अशी चाचणी करून शिक्का मारणाऱ्या लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं, त्यांच्या खुणांवरून आणि चेंबर ६५ मिलिमीटरचा आहे की ७० चा ह्यावरून घेणारा ठरवतो की ह्यात आज कुठलं काडतूस चालेल, म्हणजे तो फोटो धूसर असणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

कोरलेली अक्षरं आणि ओरखडे ह्यांना समोरून उजेड दिला की दिसत नाहीत. इथे मऊ उजेडाचा नियम मोडायचा. एक छोटी टॉर्च घ्या आणि पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात बाजूने उजेड सोडा. खाचेची एक कड उजळते, दुसरीत सावली पडते, आणि घासून पुसट झालेला शिक्कापण वाचता येतो. टॉर्च अक्षरांच्या डावीकडून, मग वरून, असं फिरवून बघा, खुणा ज्या दिशेने ठोकल्या असतील त्याच्या आडव्या दिशेने उजेड आला की जास्त उठतात. खड्डा किंवा ओरखडा दाखवताना दोन फोटो टाका, एक असा तिरक्या उजेडातला, खोली कळायला, आणि एक साध्या उजेडातला, प्रत्यक्षात किती दिसतो ते कळायला. नुसता तिरका टाकला तर केसाएवढा ओरखडा दरीसारखा दिसतो, तेही खरं नाही. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा.

नळीचं आत बघायचं असेल तर आधी ब्रश आणि चिंधी ओढून साफ करा, बारूदाचा काळा थर असला की चांगली नळीसुद्धा खड्ड्यांची वाटते. बोल्ट काढा. नळीच्या तोंडापासून वीतभर पुढे पांढरा कागद तिरका उभा करा आणि टॉर्च नळीत नाही तर त्या कागदावर मारा. मागच्या बाजूने, चेंबरकडून, स्टँडवरच्या फोनने बघा. आत एकसारखा पांढरा उजेड भरतो आणि रायफलिंगच्या पिळांच्या कडा सावलीसकट दिसायला लागतात. फोकस पलीकडच्या उजेडाच्या गोलावर जायला बघतो, तो स्क्रीनवर बोट ठेवून अलीकडे आणा, आणि दोनतीन खोलीवरचे वेगवेगळे फोटो घ्या, एकाच फोटोत अख्खी नळी फोकसमध्ये येत नाही. ज्या बंदुकांत मागून बघताच येत नाही त्यात कागद उघड्या चेंबरमध्ये घालून त्यावर उजेड मारायचा आणि फोन तोंडाकडे स्टँडवर, टायमरवर, आपण बाजूला. बोअरस्कोप (नळीत घालायचा छोटा कॅमेरा) असेल तर त्याचे फोटो जोडा, पण ते इतके मोठे करून दाखवतात की कारखान्यातल्या मशीनच्या रेघाही भयंकर वाटतात, हे सोबत लिहा.

मापांचे फोटोपण द्या. नळीची लांबी मोजायला बंदूक परत एकदा रिकामी बघून, बोल्ट बंद करून, तोंडातून लाकडी दांडी बोल्टच्या तोंडाला टेकेपर्यंत घालायची, खूण करायची आणि दांडी बाहेर काढून टेपशेजारी ठेवायची. रिव्हॉल्वरला मात्र सिलिंडर धरायचा नाही, नळी तेवढीच. ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतरही टेप लावून दाखवा, बंदूक खांद्याला बसेल का हे त्यावर कळतं.

नंबर, पत्ता आणि आरशातला तुमचा चेहरा

सीरियल नंबरचा फोटो हवा, म्हणजे तो आहे, खोडलेला नाही, हे दिसलं पाहिजे. पण अख्खा नंबर सगळ्या जगाला दाखवू नका, दुसरं कोणी तोच वापरून खोटी जाहिरात करतो. शेवटचे दोनतीन आकडे कागदी टेपने झाका, बंदुकीवरच, फोटो काढायच्या आधी. हे सॉफ्टवेअरमध्ये नंतर करायचं असेल तर एकरंगी भरीव चौकोन टाका. धूसर करण्यावर भरवसा ठेवू नका, आणि फोनमधल्या मार्कर पेनने काळं फासलेलं असतं ते अर्धपारदर्शक असतं, ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे वर येतात. पूर्ण नंबर ज्यांना कायद्याने द्यायचा त्या परवानाधारकाला किंवा अधिकाऱ्यांना द्याच. बंदुकीवरच्या नंबरला मात्र हात लावायचा नाही, ते खरवडणं गुन्हा आहे.

फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा आणि टाकण्याआधी शेअर करताना लोकेशन काढा असं जे येतं ते निवडा. काही साइट ही माहिती आपणहून काढतात, काही नाही काढत, तेव्हा आपणच काढलेली बरी. मागे खिडकीतलं दृश्य, नावाचं पाकीट, कपाट, तिजोरी, बाकीच्या बंदुका काही येऊ देऊ नका. आणि मघाशी म्हटलं तसं पोलाद आरसा आहे, स्कोपची काच आणि निकेलची स्लाइड फोटो मोठा करून बघा, त्यात तुमचा चेहरा, खोली, दारावरचा नंबर दिसत नाही ना. चोराला एवढंच हवं असतं, बंदूक कुठल्या घरात आहे.

वस्तू खरंच तुमच्याकडे आहे हे दाखवायला एका फोटोत कागदावर हाताने तारीख आणि साइटवरचं तुमचं नाव लिहून शेजारी ठेवा. दुसऱ्याचे फोटो उचलून विकणारे बरेच असतात, ह्याने घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

एडिटिंग थोडंच. सरळ करणं, कापणं, सगळ्या फोटोंना एकसारखा व्हाइट बॅलन्स आणि जरुरीपुरतं एक्स्पोजर. फिल्टर नको, सॅच्युरेशन नको, नाहीतर अक्रोडाचं लाकूड नारिंगी होतं, आणि हील टूलने ओरखडा पुसणं ही सरळ फसवणूक आहे. लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास ठेवा, त्याहून लहान केलं तर मोठं करून बघता येत नाही. आयफोनचे फोटो एचईआयसी फॉरमॅटमध्ये असतात ते काही साइट घेत नाहीत, जेपीईजी करून घ्या. मूळ फाइल्स जपून ठेवा, विकल्यावर कोणी म्हणालं की हा टवका तुम्ही दाखवलाच नव्हता तर तेव्हा त्याच उपयोगी पडतात.

टाकताना क्रम असा ठेवा की अख्खी बंदूक आधी, मग बाजू, मग खुणा, मग नळी, मग दोष, मग सोबतचं सामान. दोषांचे फोटो शेवटी लपवल्यासारखे टाकू नका आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहा, दस्त्याच्या डाव्या बाजूला तीन सेंटिमीटरचा ओरखडा, लाकडात उतरलेला नाही, असं. कोणी आणखी एखादा फोटो मागितला तर तसाच, त्याच उजेडात काढून द्या, आणि तो काढायच्या आधी परत मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये बोट.